हाडातलं देणं

त्या वर्षी हंगामाच्या सणाला आमच्या सभेच्या टेबलावर दुधीभोपळे होते, मेथीच्या जुड्या होत्या, शंकरपाळ्यांचे डबे होते, आणि त्यांच्या शेजारी मी मांडलेल्या कापसाच्या काड्या होत्या. गालाच्या आतून फिरवायच्या काड्या. माझी पंधरा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात होती आणि मला कुणाच्यातरी हाडातला मगज हवा होता.

आमचा सण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी तेवढं सांगते. आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळचे नगर-जालन्याकडचे. शेतात पहिलं जे येईल ते देवळात आणायचं आणि तिथे त्याचा लिलाव करायचा, ही आमची जुनी रीत. देऊळ म्हणजे चर्चच, आमच्याकडे तसंच म्हणतात. इथे अमेरिकेत, अल्फारेटात शेती कुठली आलीय, सगळे कंप्युटरवाले. एका अमेरिकन चर्चचा मागचा हॉल रविवारी दुपारी आम्हाला मिळतो, तिथे आमची सभा भरते, आणि ऑक्टोबरात बॅकयार्डातल्या दुधीवर आम्ही हंगाम साजरा करतो. गंमत अशी, की जिंकलेली वस्तू कुणी घरी नेत नाही. बोली लावायची, पैसे भरायचे आणि "परत!" म्हणून ती पुन्हा टेबलावर ठेवायची. की पुन्हा लिलाव. एकेक दुधी इतक्या हातांतून फिरतो की शेवटी भाजीच्याही लायकीचा राहत नाही.

हा लिलाव दरवर्षी मी करते, कारण माझ्या तोंडाचा पट्टा. आमची आई म्हणायची, ही पोरगी मुक्याकडूनही होकार काढेल.

ख्रिस्ती माणूस सढळ हाताने का देतो, यावर आमचे पाळक तासभर बोलतील. पाळकसुद्धा आठवडाभर ऑफिसात कोड लिहितात आणि रविवारी उपदेश करतात. त्यांचं सांगणं एकच: देवाने आधी आपल्याला दिलं म्हणून आपण द्यायचं, आणि खुशीने द्यायचं, कुरकुरत दिलेलं त्याला चालत नाही. असेल बाबा. पण माईक हातात घेऊन समोर उभं राहिलं की निराळंच दिसतं. ग्रीन कार्ड आलेला उपकारस्तुती म्हणून देतो, न आलेला ते यावं म्हणून देतो. एकाने दिलं की दुसऱ्याला झोंबतं, म्हणून तो देतो. बायको बघतेय म्हणून नवरा देतो. खरोखर खुशीने देणारेही असतात, नाही असं नाही, ते मागे बसतात आणि त्यांची बोली मला ऐकायलासुद्धा येत नाही. आणि एक जात असते, जी न मागता देत सुटते, थांबतच नाही. तिच्या मनाला काहीतरी खात असतं. इतक्या वर्षांत मला बोलीवरून माणूस कळायला लागलाय.

पण त्या वर्षी मला लिलावाशी काही घेणंदेणं नव्हतं. माझ्या मुलीचा रक्ताचा कॅन्सर पहिल्या किमोने गेला होता आणि उन्हाळ्यात परत आला होता. डॉक्टरीणबाई समजावून सांगायला बसल्या तेव्हाच मी ओळखलं, कारण इथले डॉक्टर खुर्ची ओढून बसले की समजायचं काय ते. म्हणाल्या, आता दुसऱ्या कुणाचातरी बोनमॅरो घातल्याशिवाय उपाय नाही. भावंड नाही. आईबापाचा अर्धा जुळतो, तोही चालवून घेतात. पण इतक्या वेळा बाहेरचं रक्त चढवल्यामुळे तिच्या अंगात आम्हा दोघांच्याच विरुद्ध काहीतरी तयार झालंय, आमचं घातलं तर तिचं शरीर ते धरणार नाही. म्हणजे जिला मी नऊ महिने पोटात वाढवली तिच्या रक्ताला आता मीच नको झाले होते. मी बाईंना म्हटलं, पुन्हा तपासा. त्यांनी पुन्हा तपासलं, तेच आलं.

मग त्या म्हणाल्या, तुमच्या लोकांत शोधा. देणाऱ्यांच्या यादीत भारतीय मुळातच थोडे. त्यात आम्ही चार तालुक्यांतल्या घरांत पिढ्यानपिढ्या सोयरिकी केलेली माणसं, जुळलं तर आमच्यातच जुळणार. माझ्या नवऱ्याने एवढंच विचारलं, "किती दिवस आहेत?" बाईंनी त्याचा खांदा थोपटला.

म्हणून त्या काड्या, गालातल्या थुंकीवरून कुणाचं जुळतं ते कळतं. देणाऱ्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडून मी त्या मागवल्या आणि पाळकांना सांगितलं, या वर्षी लिलावात हेही मांडणार. ते जरा चुळबुळले. म्हणाले, "ताई, हे लिलावात नको. लोकांना घरी नेऊ दे, प्रार्थना करू दे, ज्याला मनातून वाटेल तो देईल."

"मनातून वाटेपर्यंत माझी पोर राहायची नाही," मी म्हटलं.

मुलगी त्या दिवशी आली होती, डोक्याला स्कार्फ, तोंडाला मास्क, शेवटच्या रांगेत बापाला टेकून. गाडीत तिने मला बजावलं होतं, "आई, प्लीज. डोन्ट ऑक्शन मी." मी म्हटलं, गप्प बस. असं बोलायला नको होतं, पण माझं डोकं ठिकाणावर होतं कुठे.

माईक घेतला आणि सुटले. कुणाला सोडलं नाही. "काय हो, दुधीवर एवढी चढाओढ करता, नुसतं तोंड उघडायला काय जातंय? जेवताना उघडताच की!" लोक हसले. पण जागचं कुणी हललं नाही. तेव्हा मला जावईबापू दिसले.

जावईबापू म्हणजे सभेतला एक तरुण, तिशीचा, जालन्याचा, शांत. त्याची बायको आमच्या नगरकडची, म्हणून मी त्याला अख्ख्या सभेचा जावई करून टाकलं होतं आणि सगळे त्याला तसंच हाक मारायचे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तो नुकताच दुधी जिंकून "परत" म्हणाला होता. मी म्हटलं, "जावईबापू, भोपळा परत देता, थुंकी द्यायला लाजता होय? सासरची माणसं बघतायत!" हॉलभर हशा. तो लाल झाला, बायकोकडे बघितलं, उठला, आला आणि काडी तोंडात घातली. झालं. त्याच्यामागे रांग लागली. कुणी शर्ट सारखा करत, कुणी फोटो काढून घेत. वयात बसणारा एकही माणूस मी खुर्चीवर राहू दिला नाही. पाळक हळूच म्हणाले, "खुशीने द्या बरं का सगळ्यांनी." मी माईकमध्येच म्हटलं, "खुशी मागाहून आणा, आधी काडी द्या." पुन्हा हशा. मला वाटलं, जिंकले.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी फोन आला. मुलगी तेव्हा हॉस्पिटलात होती. फोनवरच्या बाईने सांगितलं, पूर्ण जुळणारा मिळालाय. पूर्ण! मी किंचाळले तशी नर्स धावत आली. नवरा भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मुलगी म्हणाली, "यू गाईज आर सो एम्बॅरेसिंग," आणि तीही रडली. देणारा कोण हे ते सांगत नाहीत, तसा नियमच आहे. मला कशाला हवंय नाव? मनातल्या मनात मी अख्ख्या सभेचे पाय धरले होते.

आणि मग पुढच्याच आठवड्यात त्याच बाईचा फोन, आवाज बदललेला. देणारा उपलब्ध नाही.

"उपलब्ध नाही म्हणजे काय? मेलाय का?"

"मॅम, ते मी सांगू शकत नाही."

"आजारी आहे? गावाला गेलाय? थांबू की आम्ही."

"आय ॲम सो सॉरी, मॅम."

सॉरी! या देशात दार लावायच्या आधी सॉरी म्हणतात. मी त्या बाईला मराठीतून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिचा काही दोष नव्हता. दुसरा कुणी जुळणारा आहे का विचारलं, तर नाही. जगात एक माणूस होता आणि त्याने नाही म्हटलं होतं.

जुळणारा आमच्या सभेतलाच असेल असं कुणी सांगितलं नव्हतं. पण मला आतून खात्री होती. रविवारी मी सभेला जायची ती देवासाठी नाही, चेहरे बघायला. गीत चालू असायचं, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि मी एकेकाकडे टक लावून, हा? की हा? कुणी सलाम करायला हात पुढे केला की वाटायचं, याच हाताच्या हाडात माझ्या लेकीचा जीव आहे आणि हा मला विचारतोय, काकू, कशा आहात. नवरा म्हणाला, "अशी बघू नकोस लोकांकडे, घाबरतात." घाबरू देत की मेले!

आणि देत होते हो सगळे. तेच तर सोसत नव्हतं. रोज कुणाच्यातरी घरचा डबा. कुणी येऊन घर झाडून गेलं, कुणी नवऱ्याला हॉस्पिटलात ने-आण केली, चोवीस तासांची प्रार्थनेची साखळी लावली, माणसं ऑफिसच्या मीटिंगमधून उठून गुडघे टेकत होती. माझा फ्रीज बिर्याणीने भरला होता आणि मुलीच्या तोंडातून पाणी उतरत नव्हतं. जे मागितलं नाही त्याचा पूर आणि मागितलं त्याचा थेंब नाही. एका दुपारी मी अख्खी बिर्याणी डब्यासकट कचऱ्यात घातली आणि सिंकवर वाकून ओरडले, देवा, तुझ्या लोकांना आवर! अन्न टाकणं पाप आहे, मला ठाऊक आहे.

तो डबा जावईबापूंच्या बायकोचा होता. टाकताना लक्षात आलं, आदल्या दिवशीचाही तिचाच. त्याच्या आधीचाही. डबे द्यायची पाळी सगळ्यांत वाटलेली होती, पण ही पोरगी पाळी नसतानाही यायची. दारात पिशवी ठेवायची, बेल वाजवून गाडीत बसायची, काच खाली करून "काकू, गरम आहे, लगेच खा" म्हणायची आणि निघून जायची. माझ्याकडे एकदाही नजर वर करून बघितलं नव्हतं. तिने स्वेटर आणून दिला. मुलीसाठी मऊ टोप्या आणल्या. परवा तर आमचे कपडे धुवायला मागत होती.

न मागता देत सुटलेली, थांबतच नव्हती. मी कचऱ्याच्या डब्यापाशी तशीच उभी राहिले. मग गाडीची चावी घेतली.

दुपारची वेळ. दार तिनेच उघडलं. मला बघितलं आणि चेहरा असा पांढरा पडला की मला विचारायची गरजच राहिली नाही. तरी विचारलं.

"फोन जावईबापूंना आला होता ना?"

ती दारातच खाली बसली. "काकू, मीच नको म्हटलं. ह्यांना काही बोलू नका. पुढचे फोन मीच उचलू दिले नाहीत."

पहिल्या फोनवर म्हणे सांगितलं होतं, किशोरवयीन मुलगी आहे, रक्ताचा कॅन्सर आहे. दोघांना लगेच कळलं होतं कोण ते. मी म्हटलं, घाबरलात का, आता सुई मणक्यात घालत नाहीत, रक्तातूनच काढतात, चार दिवस अंग दुखतं, पुन्हा सगळं भरून येतं. ती मान हलवत राहिली. तिला ते सगळं माहीत होतं. तिची भीती निराळी होती. मूल व्हावं म्हणून त्यांचे उपचार चालू होते, दोनदा फसले होते, आता शेवटचा प्रयत्न या महिन्यात होता. जानेवारीपासून नवऱ्याच्या कंपनीचा इन्शुरन्स बदलणार, नव्यात हे उपचार बसत नाहीत, आणि पदरचे घालायची ऐपत नाही. बोनमॅरो देण्याआधी जी इंजेक्शनं घेतात त्यांचं औषध नवऱ्याच्या अंगातून जाईपर्यंत मुलाच्या उपचारांच्या डॉक्टरने थांबायला सांगितलं होतं. थांबलं की महिना गेला. महिना गेला की संपलं.

"मला एक मिळू दे, काकू," ती म्हणाली. "तुम्हाला पंधरा वर्षं मिळाली."

माझ्या काळजाला ते असं लागलं की क्षणभर मी तिला मारणार होते. मारलं नाही. तिचं काय चुकलं होतं? तिच्या जागी मी असते तर मीसुद्धा दार लावून बसले असते, वर डबेही पाठवले नसते. सगळं कळत होतं मला. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ना, आणि दयासुद्धा नसते.

तेवढ्यात तो जिन्यावरून खाली आला, कानातला हेडफोन गळ्यात. मला बघून तिथेच पायरीवर थांबला. खराब झाला होता पोरगा, डोळ्यांखाली काळं.

"काकू, मी रोज प्रार्थना करतोय," तो म्हणाला. "रोज ठरवतो, उद्या फोन करेन. पण खुशी नाही वाटत. मनात नुसती भीती येते आणि तुमचा राग येतो. सगळ्यांसमोर तुम्ही मला उठवलंत. पाळक म्हणतात तसं मनापासून आलं की लगेच—"

"मनातलं नकोच मला," मी म्हटलं. "हाडातलं दे. रडत दे, माझा राग राग करत दे, शिव्या घालत दे. खुशीशिवाय देवाला चालत नसेल, देवाला कुठे द्यायचंय? मला चालतं. माझ्या पोरीच्या रक्ताला काय कळणार तू हसत दिलंस की दात खाऊन!"

आणि मी त्याचे पाय धरले. आमच्यात माणसाच्या पाया पडत नाहीत. लहानपणापासून शिकवलेलं, वाकायचं ते फक्त प्रभूपुढे. सासऱ्यांच्याही मी कधी पडले नव्हते. आणि आता वीस वर्षांनी लहान पोराच्या पायावर डोकं ठेवून पडले होते, त्याच्या मोज्यांचा वास येत होता, आणि तो "काकू उठा, काकू नका ना" म्हणत मागे सरत होता. मी सोडलं नाही. जीव गेला तरी सोडणार नव्हते.

मग त्याची बायको उठली. भिंतीला धरत जिन्यापाशी आली, माझ्या अंगावरून ओलांडून वर गेली. वरून एवढंच म्हणाली, "करा फोन." खोलीचं दार लागलं आणि आतून तिचं रडणं ऐकू यायला लागलं. तोंडावर उशी घेतली असावी, तरी येत होतं.

त्याने फोन काढला. दोनदा नंबर चुकला. म्हणाला, "संध्याकाळी शांतपणे करतो, काकू. प्रॉमिस." मी म्हटलं, "आत्ता. आणि स्पीकरवर टाक." हे मी बोलले. ती पोरगी वर रडत असताना बोलले. आज ही गोष्ट सांगताना सगळे विचारतात मुलगी कशी आहे, आणि मी त्यांना सांगते, पण मला आठवतं ते हेच.

फोन लागला. त्याने नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, म्हणाला आता मी उपलब्ध आहे. पलीकडची बाई खूप गोड बोलली, त्याचे आभार मानले, म्हणाली तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. मग म्हणाली, पुढे जाण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो. तुमच्यावर कुणी दबाव तर आणत नाही ना? हे तुम्ही पूर्णपणे स्वतःच्या खुशीने करताय ना?

वरचं रडणं थांबलं होतं. त्याने खाली माझ्याकडे पाहिलं, मी दोन्ही हातांनी त्याचा घोटा धरून जमिनीवर बसले होते. मी जोरजोरात मान हलवली, हो म्हण, हो म्हण.

"येस मॅम," तो म्हणाला. "आय ॲम हॅपी टू."

मग मी त्याचा पाय सोडला.